पी.टी.चा तास आणि तापलेलं मैदान

मार्च संपत आला की पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो: "किती डिग्रीच्या पुढे मुलांना ग्राउंडवर सोडू नये?" प्रश्न रास्त आहे. पी.टी.च्या सरांनाही असा एखादा आकडा हवाच असतो, कारण तो फळ्यावर लिहून ठेवता येतो आणि वरून विचारणा झाली तर पुढे करता येतो. चाळीस म्हणायचं की बेचाळीस, एवढंच काय ते ठरवायचं बाकी आहे, असं सगळ्यांना वाटत असतं.

पण १६ एप्रिल २०२३ ची दुपार आठवून पाहा. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी लाखो माणसं उन्हात बसली होती. परिसरातला पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला एप्रिलातले ३८ अंश म्हणजे बरा दिवस. तरीही त्या सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने दगावले. ही माणसं धावत नव्हती, कवायत करत नव्हती. ती बसलेली होती.

तेव्हा हवेच्या पाऱ्याचा एक आकडा धरून भागणार नाही. आकडा आपण काढूच, पण त्याआधी मैदानावरच्या मुलाच्या अंगात उष्णता येते कुठून आणि जाते कुठून, हे नीट बघावं लागेल.

१. निम्मं ऊन अंगातच पेटतं

"ऊन लागलं" असं आपण म्हणतो तेव्हा सगळा दोष सूर्याच्या माथी मारतो. मूल झाडाखाली बसलं असेल तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. धावणाऱ्या मुलाचं गणित मात्र वेगळं असतं. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातून जेवढी ऊर्जा काढतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या पाऊण हिश्शाची उष्णता होते आणि ती रक्तावाटे अंगभर पसरते.

एक छोटं गणित करू. चौथी-पाचवीतला ३० किलो वजनाचा मुलगा पंधरा मिनिटं बऱ्यापैकी वेगाने धावला तर साधारण ८० किलोकॅलरी खर्च होतात. (बिस्किटाच्या पुड्यावर ज्यांना नुसत्या कॅलरी म्हणतात त्याच या. एक किलोकॅलरी म्हणजे एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता.) त्यातल्या ६० किलोकॅलरींची निव्वळ उष्णता झाली. ३० किलोचं शरीर एक अंशाने तापायला साधारण २५ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही असं धरलं तर पंधरा मिनिटांत मुलाचा ताप ३७ वरून ३९ च्या वर जाईल. आणखी दहा मिनिटं त्याच वेगाने पळवलं तर तो ४० ओलांडेल, आणि तिथून पुढे मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा व्हायला लागते.

या गणितात सूर्य अजून आलेलाच नाही. ही सगळी उष्णता मुलाने स्वतः तयार केली आहे. तिचा वेग ठरतो तो किती जोरात आणि किती वेळ पळायला सांगितलं यावर, म्हणजे सरांच्या शिट्टीवर. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि आपल्या शाळांत ती सगळ्यात कमी बोलली जाते.

२. घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे

एरवी ही उष्णता बाहेर पडतेच. रक्त ती कातडीपर्यंत आणतं आणि कातडीवरून ती हवेत जाते. पण कातडीचं तापमान असतं ३४-३५ अंशांच्या घरात. हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आतून बाहेर जाते. हवा ३८ किंवा ४२ झाली की उलटा व्यवहार सुरू होतो आणि हवाच अंगाला तापवू लागते. मग शरीराकडे एकच वाट उरते, घामाची.

घामाचं काम कसं चालतं हे समजायला घरातला माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नागपुरात मे महिन्यातही माठातलं पाणी दात शिरशिरतील इतकं गार होतं. तोच माठ रत्नागिरीत ठेवला तर तो पाझरतो, बुडाशी ओल साचते, पण पाणी मनासारखं गार होत नाही. कारण कोकणातल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की माठावरचं पाणी वाळायला जागाच मिळत नाही.

मुलाच्या अंगावरचा घाम तसाच. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. आपल्या धावणाऱ्या मुलाच्या ६० किलोकॅलरी काढायला म्हणजे फक्त १०० मिलिलीटर, चहाच्या कपभर घाम पुरतो. अट एवढीच की तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून जमिनीवर टपकलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळपास नाहीच. दमट दिवशी मुलं चिंब होतात आणि आपण समजतो, "चांगला घाम आला, अंग मोकळं झालं." प्रत्यक्षात त्या दिवशी अंगातलं पाणी जातं आणि ताप आतच राहतो.

गणवेशाचा प्रश्नही इथेच येतो. खेळाच्या तासाला अनेक शाळांत पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट असतो, बहुधा गडद निळा नाहीतर मरून, आणि पायात गुडघ्याखालपर्यंत मोजे. घाम वाळण्याची जागा त्याने झाकली जाते. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात सैलसर, अर्ध्या बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती टी-शर्ट चालेल अशी दोन ओळींची सूचना काढायला शाळेला एक पैसा खर्च येत नाही.

३. तीन पारे, एक आकडा

आता आकड्याकडे वळू. उन्हाचा खरा त्रास चार गोष्टींवर ठरतो: हवेचं तापमान, हवेतली वाफ, वारा आणि थेट पडणारं ऊन. आपण टीव्हीवर बघतो तो पारा यातली फक्त पहिली गोष्ट सांगतो. तोही सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून वर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. मुलं खेळतात ती मुरमाच्या नाहीतर सिमेंटच्या तापलेल्या जमिनीवर, भर उन्हात.

अमेरिकेच्या मरीन सैन्यदलापुढे १९५० च्या दशकात हीच अडचण होती. दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडच्या दमट प्रशिक्षण तळावर नवे जवान कवायतीत उन्हाने कोसळत होते. त्यावर उपाय म्हणून एक माप तयार झालं. त्याचं नाव वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर. आपण त्याला सोयीसाठी "मैदानाचा आकडा" म्हणू. त्यात तीन पारे असतात. एक नेहमीचा. दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळलेलं असतं. कापड जितकं भराभर वाळेल तितका तो खाली येतो, म्हणजे घाम किती वाळेल ते तो सांगतो. तिसरा काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला असतो, तो थेट ऊन किती तापवतं ते दाखवतो. मग ओल्या पाऱ्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्या पाऱ्याचे १० टक्के धरून बेरीज करायची. ज्याच्यावर आपण सगळी भिस्त ठेवतो त्या साध्या पाऱ्याला इथे फक्त दहावा हिस्सा मिळतो.

उदाहरणादाखल दोन दुपारी घेऊ. विदर्भातली कोरडी दुपार: हवा ४३, ओला पारा २४, काळा गोळा ५६. बेरीज १६.८ + ११.२ + ४.३, म्हणजे ३२.३. कोकणातली दमट दुपार: हवा ३४, ओला पारा ३०, काळा गोळा ४६. बेरीज २१ + ९.२ + ३.४, म्हणजे ३३.६. नऊ अंशांनी "थंड" असलेली कोकणातली दुपार धावणाऱ्या मुलाला जास्त जड आहे.

जपानच्या क्रीडा संघटनेने याच मापावर पायऱ्या आखल्या आहेत. आकडा २५ च्या वर गेला की विश्रांती वाढवायची, २८ च्या वर जोराचा व्यायाम आणि लांबची धाव टाळायची, ३१ च्या वर गेला की व्यायाम मुळात बंद. आपली मुलं उन्हाला जपानी मुलांपेक्षा जास्त सरावलेली असतील, हे मान्य. मुंबईत तर मे-जूनमध्ये ३१ चा नियम शब्दशः लावला तर दिवसाचे बरेच तास मैदान बंदच ठेवावं लागेल. तरी मला या पायऱ्या मोलाच्या वाटतात, कारण त्या "सोडायचं की नाही" एवढंच विचारत नाहीत. कधी सोडायचं, किती जोरात, किती वेळ आणि मध्ये किती बसवायचं, असे प्रश्न त्या समोर ठेवतात.

हे यंत्र शाळेत नसलं तरी भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या कपाटात ओला-कोरडा तापमापक बऱ्याचदा असतो. नसेल तर साध्या तापमापकाला ओला कापूस बांधून पुठ्ठ्याने वारा घालत पाच मिनिटं बघता येतं. आठवी-नववीच्या मुलांनी रोज तासाआधी हे वाचन घेऊन फळ्यावर लिहावं. हवा ३४ च्या आसपास असताना ओला पारा २६ च्या वर दिसला आणि वर लख्ख ऊन असलं तर वरच्या हिशोबाने मैदानाचा आकडा ३१ च्या उंबरठ्यावर आलाच म्हणून समजावं.

४. मूल आणि मोठा माणूस

लहान मुलांना ऊन जास्त बाधतं असं आपण धरून चालतो. पुस्तकंही बरीच वर्षं तसंच सांगत होती, आणि त्यामागे कारणं होती. ३० किलोच्या मुलाच्या दर किलो वजनामागे साधारण ३५० चौरस सेंटिमीटर कातडी असते, ७० किलोच्या माणसाच्या २६० च्या आसपास. म्हणजे बाहेरची हवा अंगाहून गरम असली की मूल भरभर तापतं. मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि तेवढंच अंतर धावायला त्यांची ऊर्जा जास्त खर्च होते.

पुढे मुलांवर नीट काळजी घेऊन प्रयोग झाले. मुलं आणि मोठी माणसं एकाच हवेत, आपापल्या कुवतीला साजेसा सारखा व्यायाम करत असतील आणि पाणी पुरेसं मिळत असेल, तर मुलंही उष्णता जवळपास तितकीच चांगली सोसतात असं दिसलं. त्यावरून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, आपला २००० सालचा सल्ला २०११ मध्ये बदलला. नव्या निवेदनाचा रोख मुलांच्या शरीरातल्या उणिवांवरून हलला आणि टाळता येण्याजोग्या कारणांवर आला: झेपण्यापलीकडचा व्यायाम, अपुरी विश्रांती, पाण्याची कमतरता, अंगावरचे जाड कपडे आणि नुकतंच झालेलं आजारपण.

ही यादी पुन्हा वाचा. यातलं जवळपास सगळं ठरवतात ती भोवतालची मोठी माणसं.

आजारपणाबद्दल थोडं अधिक. कालपरवा ताप किंवा जुलाब झालेलं मूल आज "बरं आहे" म्हणून मैदानावर येतं, पण त्याचं पाणी भरून आलेलं नसतं. रोजा किंवा नवरात्राचा उपवास धरलेली मुलं असतात. परीक्षेसाठी रात्र जागलेली असतात. लठ्ठ मुलांना तेवढंच अंतर कापायला जास्त कष्ट पडतात. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागांत सिकलसेलची मुलं बरीच आहेत. ज्यांच्यात हा दोष फक्त अर्धा आलेला असतो, ज्यांना आपण वाहक म्हणतो, ती एरवी धडधाकट दिसतात, पण उन्हात सलग जोर लावला तर कोसळू शकतात. अशा मुलाला खेळापासून तोडण्याचं कारण नाही. सरांना ठाऊक असावं आणि त्याला हवं तेव्हा थांबता यावं, एवढं पुरे.

५. "आम्ही तर उन्हातच वाढलो"

हे वाक्य आजोबांपासून क्रीडाशिक्षकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे. शरीर उन्हाला सरावतं. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि नाडी कमी धावते. हा बदल पुरता व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मुलांना थोडे जास्तच.

पण सराव टिकत नाही. काही आठवडे सावलीत काढले की तो जातो. मे महिना पंख्याखाली, कूलरसमोर, मोबाइल बघत घालवलेलं मूल जूनमध्ये शाळेत येतं तेव्हा ते उन्हाला नवखंच असतं. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, तरी पाऊस लांबला तर तेव्हाही पारा चाळिशीला असतो, वर मळभ आणि दमटपणा. त्याच आठवड्यात तालुक्याच्या संघाची निवड म्हणून सरळ १५०० मीटर पळवणं धोक्याचं आहे. पहिले तीन-चार दिवस वीस मिनिटांचा हलका खेळ, मग हळूहळू वाढ, दोन आठवड्यांनी पूर्ण सराव. दिवाळीच्या आधीचा ऑक्टोबरही असाच फसवा. चार महिन्यांच्या ढगाळ दिवसांनंतर अचानक लख्ख ऊन पडतं आणि नेमके शालेय स्पर्धांचे दिवस त्यातच येतात. उन्हाळी शिबिरांची गत आणखी वाईट, कारण दहा दिवसांच्या शिबिरात सराव होईस्तोवर शिबिरच संपतं.

आजोबांच्या वाक्यातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ते उन्हात खेळत होते, पण खेळत होते. दमलं की वडाखाली बसायचं, विहिरीवर जाऊन पाणी शेंदायचं, नाहीतर डाव मोडून घरी पळायचं. गल्लीतलं क्रिकेट आजही तसंच चालतं. मूल आपल्या मर्जीने खेळतं तेव्हा अंग सांगेल तेव्हा थांबतं. शिट्टीवर पळताना, कवायतीत, लेझीम पथकात, निवड चाचणीत ते थांबत नाही. सगळ्यांदेखत हात वर करून "सर, मला होत नाही" म्हणणं दहा वर्षांच्या मुलाला फार अवघड असतं.

जपानात १७ जुलै २०१८ रोजी तोयोता शहरातल्या एका शाळेतली पहिलीची मुलं किलोमीटरभर अंतरावरच्या बागेत किडे पकडायला नेली होती. एक सहा वर्षांचा मुलगा वाटेतच दमल्याचं सांगत होता. सगळी मुलं बागेतून परत आली, वर्गात पंखे होते, आणि तिथे तो कोसळला. तो वाचला नाही. त्यानंतर सरकारने शाळांत वातानुकूलन बसवायला मोठा निधी दिला. मला मात्र त्या प्रसंगातला वाटेवरचा क्षण सुटत नाही. मुलाने सांगितलं होतं.

म्हणून कुठल्याही मैदानावर पहिला नियम हा असावा: मूल "दमलो" म्हणालं की ते खोटं बोलतंय की खरं, याची चौकशी करायची नाही. बसवायचं. आणि उशीर झाला, गृहपाठ नाही, गडबड केली म्हणून "ग्राउंडला पाच चकरा मार" ही शिक्षा शाळेतून हद्दपार व्हावी. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला २००९ सालीच मनाई केली आहे. उन्हातल्या चकरा ही शारीरिक शिक्षाच आहे, आणि उन्हाळ्यात ती जीवावर बेतू शकते.

६. पाणी: टाकीपासून घोटापर्यंत

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलीटर पाणी लागतं, साधारण अर्धा ते एक पेला. मोठ्या मुलांना तासाला लीटर-दीड लीटरपर्यंत. तहान लागेपर्यंत वाट बघू नये, पण जबरदस्तीने बाटल्यांवर बाटल्याही पाजू नयेत. फार पाणी झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही घातक असतं. तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं. खेळ लांबला, घाम खूप गेला तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, पन्हं. रंगीत बाटल्यांची गरज नाही.

हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. तरी मुलं पाणी पीत नाहीत, आणि त्याची कारणं शाळेत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाहीत. पाण्याची टाकी गच्चीवर असते, काळ्या प्लास्टिकची. तिथून नळापर्यंत येणारा पाइप भिंतीवरून उघडाच उतरतो. दुपारी एकला नळ सोडला की पहिलं पाणी हाताला चटका देतं. मुलं तोंडात घेतात, चूळ भरून टाकतात आणि परत पळतात. घोटभरही पोटात जात नाही. गार पाणी मुलं जास्त पितात, हे कुठल्याही आईला माहीत आहे. टाकीवर पत्र्याची किंवा गवताची सावली केली, पाइपाला गोणपाट गुंडाळलं आणि मैदानाच्या कडेला झाडाखाली चार माठ ठेवले तर फरक त्याच दिवशी दिसतो.

दुसरं कारण त्याहून खोल आहे. मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह अस्वच्छ असतं, त्याला कडी नसते, कधी कुलूप असतं. सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर राहणाऱ्या सातवी-आठवीतल्या मुली किती आहेत ते बाईंनी एकदा विश्वासात घेऊन विचारावं. अशी मुलगी खो-खोच्या मैदानात उतरते तेव्हा ती आधीच कोरडी पडलेली असते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी दुरुस्त करणं हा उष्माघात टाळण्याचाच एक उपाय आहे, आणि तो मी या यादीत बराच वर ठेवीन.

केरळमध्ये २०१९ साली पाण्याची घंटा सुरू झाली. दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळा वर्ग एकदम पाणी पितो. कर्नाटक-तेलंगणानेही ती लगेच उचलली. यातली खुबी अशी की कुणा एकट्याला परवानगी मागावी लागत नाही. मैदानावर तीच घंटा दर वीस मिनिटांनी, पाच मिनिटांच्या सावलीतल्या विश्रांतीसह, वाजायला हवी.

७. कोसळलं तर: आधी गार, मग दवाखाना

पोटरीत गोळा आला तर बसवावं, हलका ताण द्यावा, मीठ घातलेलं सरबत द्यावं. परिपाठाला किंवा १५ ऑगस्टच्या संचलनाला बराच वेळ ताठ उभं राहून भोवळ आली तर रक्त पायांत उतरलेलं असतं. आडवं करून पाय उंच केले की मूल दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर येतं. मळमळ, डोकेदुखी, थकवा, पण बोलणं शुद्ध असेल तर सावली, गार पाणी, कपडे सैल, आणि त्या दिवसाचा खेळ बंद.

यापलीकडची अवस्था ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला नाव विचारा, इयत्ता विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर भलतंच आलं, मूल झोकांड्या खाऊ लागलं, उगाच चिडून अंगावर येऊ लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात धरून चालायचं. "अंग कोरडं पडलं तरच उष्माघात" हा समज धोक्याचा आहे. धावताना कोसळलेल्या मुलाचं अंग बऱ्याचदा घामाने भिजलेलं असतं. काखेतला किंवा कपाळावरचा तापमापकही अशा वेळी कमी आकडा दाखवून फसवतो.

आपल्याकडे इथे काय होतं? भोवती कोंडाळं जमतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी तोंडात पाणी ओततं, कुणी रिक्षा आणायला पळतं. मोलाची मिनिटं यात जातात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळीही देऊ नये. आजाराच्या तापात मेंदू स्वतःच तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी त्याला ते खाली आणायला लावते. उष्माघातात मेंदूने तापमान वाढवलेलंच नसतं, उष्णता बाहेर पडू शकलेली नसते. तिथे गोळी काय करणार?

एकाने १०८ ला फोन करावा आणि बाकीच्यांनी तिथेच गार करायला सुरुवात करावी. बूट, मोजे, ट्रॅकसूट उतरवा. मोठा टब असेल तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा, बर्फ मिळाला तर त्यात टाका. टब नसेल तर प्रत्येक शाळेत असते ती ताडपत्री काढा. मुलाला मधोमध निजवा, सहा-आठ जणांनी कडा उचलून खोलगट धरा, त्यात बादल्यांनी पाणी ओता आणि ते हलवत राहा. डोकं एकाने हातात वर धरून ठेवावं. तेही जमलं नाही तर अंगभर सतत पाणी ओतत जोराने वारा घाला, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल काखेत, मानेवर, जांघेत ठेवून सारखे बदला. थंड पाण्यात बुडवलेलं अंग मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरतं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत दोन-तीन अंश. मूल कुडकुडू लागलं, नीट बोलू लागलं की बाहेर काढा आणि मग दवाखान्यात न्या.

दवाखाना नंतर का, हे अनेकांना पटत नाही. कारण असं की ताप ४० च्या वर किती वेळ राहिला यावर मुलाचं पुढचं सगळं अवलंबून असतं. पहिल्या अर्ध्या तासात तो खाली आणला तर मूल बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॅलमथ इथे दर ऑगस्टमध्ये रस्त्यावरची धावण्याची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत २७४ धावपटूंना उष्माघात झाला. शर्यतीच्या टोकाशी बर्फाच्या पाण्याचे टब भरलेले असतात. त्या २७४ पैकी सगळे वाचले.

८. पुन्हा मैदानावर

उष्माघातातून उठलेलं मूल चार दिवसांत हसू-खेळू लागतं, आणि पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची स्पर्धा असली तर ते स्वतःच उतरायचा हट्ट धरतं. ऐकू नये. दवाखान्यातून घरी आल्यावर निदान सात दिवस व्यायाम पूर्ण बंद. मग डॉक्टरांकडून तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या, कारण यकृत आणि मूत्रपिंडाची इजा वरून दिसत नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर सुरुवात सकाळच्या गारव्यात, चालण्यापासून, आणि दोन आठवड्यांत पायरीपायरीने वाढ. या काळात मुलाला पुन्हा डोकं दुखलं, मळमळलं, नेहमीच्या धावेला जास्त दम लागला, तर एक पायरी मागे यावं आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवावं. ही सगळी नोंद शाळेच्या आरोग्यपत्रिकेत लिहून ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षी नवे सर आले तरी त्यांना ती पहिल्याच दिवशी वाचता येईल.